जोडातली हळद

आमच्या घरात जागेपेक्षा लोखंड जास्त होतं. वणीतल्या आमच्या वस्तीत घरं सगळी सारखीच, मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे एक पडवी. इतरांच्या पडवीत बकरी बांधलेली असे, नाहीतर बाज टाकलेली असे. आमच्या पडवीत बाभळीचा एक ओंडका अर्धा जमिनीत गाडलेला होता आणि त्याच्या डोक्यावर वाईस ठोकलेला होता, म्हणजे दांडा फिरवला की तोंडातली वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा. त्याच्याभोवती कानशी, छिन्न्या, हातोड्या आणि कापसाच्या जिनातून भंगार म्हणून आलेले नट, साखळ्या, फुटक्या पुल्या. पाहुणा दारात दिसला की माय पाण्याच्या आधी झाडू हातात घ्यायची, कारण लोखंडाचा कीस अनवाणी पायात रुतला की तो पाहुणा पुन्हा येत नसे. बाबांना त्याचं काही वाटत नसे. पाहुणे कमी आले तर काम जास्त होतं, असं त्यांचं मत होतं.

बाबा कापसाच्या जिनात इंजन चालवायचे. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांची तिथे लांबच लांब रांग होती आणि ती अख्खी रांग एका वाफेच्या इंजनावर, पट्ट्यांनी फिरायची. हंगाम सुरू झाला की सकाळचा भोंगा बाबांच्या हातचा असे. तो वाजला की आमच्या वस्तीतल्या बाया फडक्यात भाकरी बांधायच्या. भोंगा जरा घोगरा वाजला तर आज उस्तादांना सर्दी झालेली दिसते, असं एकमेकींना सांगायच्या. शाळेतल्या इतर मुलींचे वडील शेतावर जायचे, दुकानात बसायचे. माझे वडील गाव उठवायचे. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नसे, म्हणून मला मैत्रिणी कमी होत्या.

माय लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि घरी आली की घरातलं काही ना काही घासायला काढायची. ती आवड नव्हती, व्यसन होतं. मूठभर चिंच पाण्यात कुस्करायची, चुलीतली राख घ्यायची, आणि तांबं-पितळ जे काही नशिबानं आमच्या घरात आलं होतं ते अंगणात उन्हात बसवून इतकं घासायची की शेवटी त्यात तिचा चेहरा दिसायचा. मग ती त्या चेहऱ्याकडे न पाहता भांडं उपडं घालायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर कंदिलाचा पितळी पेंदाही तिच्या हातून सुटत नसे. चिंच हाताला लागली की तिला हाक ऐकू येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाबा म्हणायचे, "शांते, तुह्या मायसमोर लय येळ बसू नको. घासून टाकन."

आम्ही बुद्धधम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. त्या दिवसाचं मला आठवतं ते एवढंच, की पांढऱ्या लुगड्यातली माय मला ओळखू आली नाही आणि मी भलत्याच बाईचा पदर धरून चालत राहिले. त्यानंतर घरोघरचे देव निरगुडा नदीच्या पाण्यात सोडले गेले. आमचेही. माय टोपली डोक्यावर घेऊन गेली, रिकामी टोपली घेऊन परत आली आणि भाकरी थापायला बसली. ती काही बोलली नाही आणि तिला कोणी काही विचारलंही नाही. फक्त देवांजवळचा तांब्याचा कलश तिने ठेवून घेतला. तो तिच्या आईचा, माहेरून, मुकुटबनहून तिच्याबरोबर आलेला. नवरात्रात त्याची स्थापना व्हायची तेव्हा त्याच्या पोटावर हळदीची बोटं उठलेली असायची, ती मला अंधुक आठवतात.

सूर्यभानजी म्हणून आमच्या वस्तीतले एक जाणते गृहस्थ होते. जुनं काही मागे राहिलं नाही ना, ते पाहत ते त्या दिवसांत घरोघर फिरत. माणूस कडक, पण दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःच्या भिंतीतला देवाचा कोनाडा त्यांनी आपल्या हातानं लिंपून बुजवला होता, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी बोलू शकत नसे. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी कलशाकडे बोट दाखवलं.

"हा काहून राह्यला?"

"पाण्याचा गडू हाये तो," माय म्हणाली, आणि त्यातूनच पेल्यात पाणी ओतून तिने त्यांच्यापुढे धरलं. सूर्यभानजी पाणी प्यायले आणि पुढच्या घरी गेले.

इंजनाची गोष्ट नारळापासून सुरू झाली. दसऱ्याला जिनात यंत्रांची पूजा असे. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. पाने, कानशी, हातोड्या धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून ओळीनं मांडायच्या, इंजनाच्या मोठ्या चाकाला शेंदूर आणि झेंडूचा हार. चाकावर नारळ फोडायचा मान इंजनवाल्याचा. नारळ बाबांनी फोडायचा आणि प्रसाद दुसऱ्यानं वाटायचा, अशी तिथली रीत होती. दीक्षेनंतरच्या दसऱ्याला बाबांनी सांगितलं, इंजन मी चालवतो, नारळ कोणीही फोडा. कोणीतरी फोडला. पण त्या हंगामात एकदा बेअरिंग तापलं, एकदा पट्टा तुटला, आणि दोन्ही वेळा जिनात एकच बोलणं झालं की इंजनवाल्यानं हात आखडला म्हणून इंजन रुसलं. हे आमच्यापर्यंत गफूरभाईंकडून यायचं. गफूरभाई बाबांबरोबर भट्टीत कोळसा टाकायचे. बाबांना ते उस्ताद म्हणत, आणि वाईट बातमी सांगताना आधी चहा मागून घेत.

"पट्टा जुना होता," बाबा म्हणाले. "इंजन पाण्यानं आन् कोयशानं चालते. नारयानं चालत असतं तं मले कायले ठेवलं तिथं?"

"मेरेकू क्या सांगता उस्ताद, उन लोगां को सांगो."

तोंडानं सांगून कोणी ऐकेना. मग बाबांनी ठरवलं की हातात मावेल एवढं इंजन करायचं आणि दसऱ्याच्याच दिवशी, चारचौघांत, हळद नाही, शेंदूर नाही, नारळ नाही, असं चालवून दाखवायचं. सूर्यभानजींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती बाबांच्या आधी गावभर केली. "त्या दिवशी बाकीच्याइचे हत्यारं झोपून राह्यतीन, आपलं इंजन चालन," असं ते बाजारात, जिनाच्या फाटकात, भेटेल त्याला सांगत सुटले. त्यानंतर बाबांना मागे फिरायला वाट उरली नाही. बाबा मुळात कमी बोलणारे, ते आणखी कमी बोलू लागले.

इंजनाचं काम आम्ही दोघांनी केलं. माझा भाऊ तेव्हा बाजेखाली रांगत होता, त्यामुळे कानस माझ्या हातात आली. मुलीच्या हातात कानस कशाला, असं विचारणारे विचारून गेले. नळकांडं झालं गफूरभाईंनी आणून दिलेल्या सायकलच्या जुन्या पितळी पंपाचं. चाक झालं भंगारातल्या बिडाच्या पुलीचं. वाफ आलटून पालटून आत-बाहेर सोडायची कारागिरी मोठ्या इंजनात फार अवघड असते. बाबांनी ती सोपी करून टाकली. नळकांडं एका खिळ्यावर डोलतं ठेवलं, ते एका बाजूला डोललं की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर यायचं, दुसऱ्या बाजूला डोललं की बाहेरच्या भोकासमोर. त्यासाठी दोन पितळी पट्ट्या एकमेकींवर इतक्या सपाट बसायला हव्या होत्या की मधून वाफ निसटू नये. ते काम माझं. काचेवर मायचं काजळ पुसट लावायचं, पट्टी त्यावर हलकेच घासायची, जिथे काळं लागेल तिथे उंचवटा, तिथेच कानस मारायची. पुन्हा काजळ, पुन्हा कानस. पुढे मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण सपाट म्हणजे काय हे मला त्या काजळानं शिकवलं, पुस्तकानं नाही. बाबा शाबासकी देत नसत. पट्टी बोटावर फिरवून परत दिली नाही की समजायचं, झालं.

बॉयलरपाशी आम्ही अडलो. तेलाचा डबा घेतला, त्याची शिवण सुटली. दुसरा घेतला, तोही सुटला. तांब्याचं भांडं हवं होतं, जाड आणि गोल पोटाचं, आणि असं भांडं घरात एकच होतं. त्याचं नाव कोणी काढलं नाही. पण बाबा पाणी प्यायचे ते कलशाकडे पाहत आणि प्याल्यावरही पाहत राहायचे. भाकरी आणि अंबाडीची भाजी ताटात गार होत असायची. एक दिवस मायनंच भाकर परतता परतता विषय काढला.

"कवापासून पाहून राह्यले तुम्ही त्याच्याकडं. घ्या. पण एक आयका. इंजन चाललं तं चाललं. नाही चाललं तं माहा कलस मले होता तसा पाह्यजे."

"भोक पाडल्यावर होता तसा कसा देऊ?"

"ते तुम्ही पाहा," माय म्हणाली आणि भाकर तव्यावर टाकली.

कलश गेला तांबटाकडे. त्यानं कलशाचं तोंड तांब्याच्या चकतीनं बंद केलं, तिच्यावर पाणी भरायच्या भोकाचा पेच, वाफेची नळी आणि वाफ जास्त झाली तर आपोआप उचलणारी झडप बसवून दिली. तेव्हापासून माय मडक्यातून पाणी देऊ लागली आणि पहिले काही दिवस घरात पाण्याला चव नव्हती असं मला वाटायचं. कलश परत आला तो कलश राहिला नव्हता. बाबांनी पाणी भरून ठेवून पाहिलं, एक थेंब गळला नाही. मग एका दुपारी आम्ही दोघांनी पडवीत इंजन पेटवलं. नळकांडं डोललं, चाक फिरलं आणि पाणी संपेपर्यंत फिरत राहिलं. मी नाचले. बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं, ते त्यांचं नाचणं. संध्याकाळी माय शेतातून आली तेव्हा मी धावत जाऊन सांगितलं, चाललं म्हणून.

"म्या कुठं पाह्यलं?" ती म्हणाली. म्हणजे तिच्या लेखी ते अजून चाललं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात घासलेल्या भांड्यांची रांग उन्हात लखलखत होती, आणि रांगेच्या टोकाला इंजन. मायनं बॉयलरही घासून काढला होता. इतका, की तांब्यावरचा काळपटपणा, तांबटाच्या भट्टीचे डाग, सगळं गेलं होतं आणि तो लग्नातल्या भांड्यासारखा दिसत होता. उद्या चार माणसांत जायचं तर तसं कसं न्यायचं, असं ती म्हणाली. बाबांनी वाकून पाहिलं आणि खुशीत मान हलवली. खरं सांगायचं तर आम्हाला तिघांनाही ते फार आवडलं.

दसऱ्याला दुपारी, पुढे जिथे विहार बांधला गेला त्या मोकळ्या जागेवर, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली. त्रिशरण झालं. एकीकडे गंज म्हणतात त्या मोठ्या पातेल्यात तांदळाची खीर शिजत होती आणि ती ढवळायला माय बसली होती. गफूरभाई राजूरच्या कोळशाचे बोराएवढे तुकडे फडक्यात बांधून घेऊन आले होते. रस्त्याच्या कडेला जिनातली काही माणसं येऊन उभी राहिली, खिशात आपट्याची पानं. आपली हत्यारं घरी हळदीकुंकू लावून निजवून आलेली. सूर्यभानजींनी छोटंसं भाषण केलं, त्यात इंजन कमी आणि नारळ जास्त होता. मग बाबांनी बॉयलरखालची शेगडी पेटवली.

पाणी खदखदू लागल्याचा आवाज आला. मी चाकाला बोटानं एक झटका दिला. चाक अर्धं फिरलं आणि मागे आलं. पुन्हा दिला, पुन्हा तेच. तेवढ्यात बॉयलरच्या पोटावर, बरोबर मध्यावर, एक थेंब दिसला. त्याच्या शेजारी दुसरा. कलश तांबटानं वरचा भाग वेगळा, खालचा भाग वेगळा ठोकून मध्ये जोडलेला असतो. त्या जोडातून सूं करून वाफ निघू लागली. बाबांनी कोळसा वाढवला, वाफही वाढली, पण ती चाकाकडे न जाता जोडातूनच जात राहिली. रस्त्याच्या कडेचा एकजण मोठ्यानं म्हणाला, "उस्ताद, नारळ आणू का?" आणि बाकीचे हसले. वाईट मनाने हसले असं नाही. दसऱ्याला माणसं हसतात. पण सूर्यभानजींचा चेहरा उतरला.

बाबांनी त्या लखलखीत तांब्याकडे पाहिलं. मग गंजाजवळ बसलेल्या मायकडे पाहिलं. माय त्यांच्याकडेच पाहत होती आणि तिच्या हातातला डाव खिरीत थांबला होता. दोघांना कळलं होतं. मला कळायला जरा वेळ लागला. त्या जुन्या जोडात वर्षानुवर्षांचं तेल, हळद, कुंकू, राख बसलेली होती, आणि जोड त्या मळानंच बुजलेला होता. एरवीच्या घासण्यानं तो हलला नव्हता, पण तांबटाच्या भट्टीनं आणि आमच्या शेगडीनं तो सुटा झाला होता, आणि आदल्या दिवशी चिंचेनं सगळा धुऊन निघाला होता. माय उठून उभी राहिली. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता, कारण दोन्हीकडून गेलं होतं, बाबांचा शब्दही आणि तिचा कलशही.

गफूरभाई बाबांच्या कानाशी वाकले. "हल्दी डालो उस्ताद. टरकवाले हेच करते, रेडिएटर गळलं का."

"मालूम हाये," बाबा म्हणाले. "आज नाही."

हे मी ऐकलं आणि मायनंही ऐकलं. ती गेली. घर हाकेच्या अंतरावर होतं. परत आली ती चुलीजवळचा तिखटामिठाचा डबा घेऊन. बायांनी वाट दिली. ती शेगडीपाशी येऊन बसली आणि डब्याचं झाकण काढलं.

"तो पेच खोला."

"लोक पाहून राह्यले," बाबा हळू म्हणाले.

"पाहाले तं बलावलं होतं."

सूर्यभानजी पुढे आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण तो ऐकू आला सगळ्यांना. "बाई, हयद? आजच्या दिवशी, कलसाले?"

"कलसाले नाही, भाऊजी. इंजनाले," माय म्हणाली. "सैपाकाची हाये. देवाची नोहे. सकाळी तुम्ही आमच्या घरी वरण जेवले, ते याच डब्यातलं होतं."

सूर्यभानजींनी वाकून डब्यात पाहिलं. मला वाटतं त्यांना तो पाण्याचा पेला आठवला असावा. मग ते बाबांना म्हणाले, "खोला पेच. वरण जेवलो तं हे काय वायलं हाये."

बाबांनी शेगडी बाजूला ओढली, वाफ निवू दिली आणि फडक्यानं धरून पेच काढला. मायनं चिमटीनं हळद आत सोडली. तिच्या हाताला ते काम माहीत होतं. पेच बसला, शेगडी पुन्हा बॉयलरखाली आली. आधी जोडातून पिवळे थेंब निघाले, मग पिवळे बुडबुडे, मग नुसता ओलावा, मग तोही सुकला. गरम हळदीचा वास खिरीच्या वासात मिसळला. मी चाकाला बोट लावलं आणि ते माझ्या बोटातून निसटून गेलं. टकटक टकटक करत फिरू लागलं, इतक्या जोरात की लहान मुलं मागे सरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रस्त्याच्या कडेचा तो मघाचा माणूस म्हणाला, "हळद लावलीच ना शेवटी, उस्ताद?"

"लावली," बाबा म्हणाले. "पाया नाही पडलो."

तोही हसला, आणि जवळ येऊन बसला, चाक पाहायला.

माय चाकाकडे पाहत नव्हती. ती तांब्याच्या पोटावर ओघळून वाळलेल्या पिवळ्या रेघा पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला ते धुराचं वाटलं. मला तिची दया आली असं मी आज म्हणू शकते, पण ते खरं नाही. त्या क्षणी मला फक्त चाक दिसत होतं, आणि नळकांड्याच्या सपाट पट्ट्या मी घासल्या आहेत हे सगळ्यांना सांगायची घाई झाली होती.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. बाबांनी विचारलं, "पाह्यलं ना आता आपल्या डोयानं?"

"पाह्यलं."

"मंग कलस?"

"ठेवा तुम्ही." तिने त्यांच्या ताटात खीर वाढली. पळी खाली ठेवून म्हणाली, "मीनंच घासला होता काल."

"मालूम हाये."

"मंग लोकात बोलले काहून नाही? सांगून टाकाचं ना, बायकोनं केलं म्हणून."

बाबा खीर खात राहिले. मग ताटाकडे पाहतच म्हणाले, "तू तरी कुठं बोलली होती, नदीवरून आली तवा."

माय उठून आत गेली. बाबांनी मला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ नको. मी बसून राहिले आणि माझी खीर संपवली. त्यांच्या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण टोपली रिकामी करून आलेल्या त्या दिवसाबद्दल दोघांमध्ये याहून जास्त बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

पुढे जिनातलं इंजन गेलं, विजेवर चालणारी मोटार आली. तिला भोंगा नव्हता आणि बाबांना ती आवडली नाही; तिच्यात पाहण्यासारखं काही नाही, म्हणायचे. आता ते दोघं नाहीत. इंजन यवतमाळला माझ्या कपाटावर आहे. नातवंडांसाठी मी ते कधी कधी पेटवते आणि ते अजून चालतं. बाबा असेपर्यंत दर दसऱ्याला ते त्या मोकळ्या जागेवर चालायचं, आणि आदल्या दिवशी माय ते घासायला घ्यायची. अंगणात उन्हात बसून, चिंच आणि राख घेऊन. चाक घासायची, नळकांडं घासायची, कलशाचा वरचा भाग, मग खालचा भाग. मधल्या जोडावरची पिवळी रेघ मात्र ती तशीच सोडायची. चिंच लागलेला तिचा हात आपण होऊन थांबलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.